सरकारले पार पाहिजे
राज्यांची फेररचना झाली आणि आमचं गाव तेलुगू राज्यात राहिलं. त्याच वर्षी निर्मलच्या सडकेला जोडणारा रस्ता निघाला. मी नवी सून, सासऱ्यांसमोर तोंड न उघडणारी. थोरल्या जाऊबाईंबरोबर मातीकामाला जायला मिळालं, यातच मी हरखले होते.

पहिल्या दिवशी तेलुगू सुपरवायझर टोपल्या घेऊन आला, खणायला मात्र काहीच आणलं नव्हतं. गावाकडे हात करून तो काहीतरी बोलला. त्यातलं 'पार कावाली' एवढंच कळलं. कावाली म्हणजे पाहिजे, हे जाऊबाईंना बाजारामुळे ठाऊक. आणि पार तर गावात एकच, चिंचेखालचा. त्यातला मुरूम सडकेला हवा असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं. सुपरवायझर मापं घ्यायला पुढे गेला. कामावरच्या आम्ही सहाजणी घरची फावडी घेऊन पाराकडे निघालो.

पारावर म्हातारे सुपारी कातरत बसलेले, मधोमध माझे सासरे. जाऊबाई थबकल्या. माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. पदर कपाळावर ओढून मी म्हणाले, "मामाजी, उठा. सरकारले पार पाहिजे."

लग्नानंतर मी त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"काऊन?" त्यांनी विचारलं, पण उठले. बाकीचेही धोतर झटकत उठले. हुकूम म्हटला की उठायची सवय निजामाच्या काळापासूनची.

मग आम्ही सुटलोच. एरवी फावडं पुरुषांच्या हाती, आमच्या डोक्यावर नुसत्या टोपल्या. आता डोक्याच्या वर उचलायचं, खचकन मारायचं, माती पायाशी ओढायची. हसून हसून दम लागत होता. दुपारपर्यंत अर्धा पार उतरला.

सुपरवायझर आला. जाऊबाईंनी ऐटीत ढीग दाखवला. तो खड्ड्याकडे बघत राहिला. मग माझ्या हातातलं फावडं घेऊन त्यानं उंच धरलं आणि सावकाश म्हणाला, "पार."

म्हणजे तेलुगूत फावड्यालाच पार म्हणतात तर! आधी सासरेच हसले, इतके की जमिनीवर बसले. मग सगळं गाव हसायला लागलं. सुपरवायझर तर चिंचेला धरून उभा.

पँट दुमडून तोही माती परत भरायला लागला. पहिलाच घाव असा घातला की सगळी माती त्याच्याच शर्टावर.

"सूनबाई," सासरे म्हणाले, "त्याले फावडं धराले शिकव."

मी शिकवलं. मोकळी झालेली माती फुगली आणि पार आधीपेक्षा हातभर उंच झाला. संध्याकाळी एकेका म्हाताऱ्याला हात देऊन आम्हीच वर चढवलं.