मऊमामांचा अंगठा

मऊमामांना हे नाव गल्लीनं दिलं होतं, आणि त्यांनी ते आनंदानं मिरवलं होतं. धंदा गाद्या भरण्याचा, आणि जगातल्या कुठल्याही संकटावर उत्तर एकच, "मऊ होईल." घरमालक अंगावर येतो? मऊ होईल. लेकीची सासू खडूस निघाली? मऊ होईल. जावयाला नवा बूट चावतो? तोही मऊ होईल.

दुकान म्हणजे एक खोली. निम्म्या खोलीत कापूस, उरलेल्या निम्म्यात मामा, मामी आणि मामांच्या गप्पा. मामा शिंकले की धुकं पडायचं. जुनी गादी आली की ते डोळे मिटून तिच्यावरून अंगठा फिरवत. कापूस कुठं बसलाय, कुठं त्याच्या गाठी झाल्यात, हे खोळ न उसवता त्यांना कळे. मग दोन्ही अंगठ्यांनी गोल गोल दाबत ते एकेक गाठ मोकळी करत. यंत्राला गाठ फोडता येते, तिची समजूत काढता येत नाही, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. गिऱ्हाईक घाईत असलं तर जरा जास्तच.

म्हणून उन्हाळ्यात दाभण ओढताना मामींच्या काखेत काहीतरी टणक लागलं, तेव्हा त्यांनी ते दुसऱ्या कुणाला कशाला दाखवावं? मामांनी डोळे मिटले, अंगठा टेकवला आणि निकाल दिला, "साधी गाठ आहे. मऊ होईल."

तेव्हापासून रोज सकाळी दुकान उघडण्याआधी मामी स्टुलावर बसत आणि मामा कोमट तेल लावून दाबत. लग्नानंतर एवढी विचारपूस पहिल्यांदाच होतेय, असं मामी म्हणत आणि दात आवळून दुखणं गिळत. लेक फोनवर डॉक्टरचं नाव काढी, तेव्हा मामा तिला उडवून लावत. डॉक्टरला कात्रीशिवाय काही सुचतं का?

थंडी पडली तरी गाठ जागची हलली नाही. उलट शेजारी आणखी एक आली, हात सुजला, आणि मामींच्या हातून दाभण खोळीतून पार जाईना. मग लेक आली आणि दोघांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई लेकीच्याच वयाच्या. तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं, गाठ कधीपासून आहे. मामांनी तोंड उघडायच्या आत मामी भिंतीकडे बघत म्हणाल्या, "आत्ताच. पंधरवडा झाला असेल." नवऱ्याला लेकीदेखत कुणी बोललेलं त्यांना चाललं नसतं. त्याची उसवलेली शिवण त्या आयुष्यभर अशाच गुपचूप टाके घालून झाकत आल्या होत्या.

डॉक्टरीणबाई लिहू लागल्या. मामांनी ते पेन चालताना पाहिलं.

"उन्हाळ्यापासून आहे," ते म्हणाले. "रोज मीच दाबत होतो."

पेन थांबलं. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या की दाबल्यामुळे गाठ झाली नाही, पण दाबून ती जाणारही नव्हती. मधले महिने मात्र गेले.

"पण साधीच आहे ना?" मामांनी विचारलं.

बाईंनी त्यांच्या केसांतला कापूस बघितला. "काका, तुमच्याकडे गाठ म्हणजे बसलेला कापूस. आमच्याकडे ती काहीही असू शकते. आणि साधी हा शब्द तुकडा तपासल्याशिवाय आम्ही तोंडातून काढत नाही."

तुकडा तपासला. साधी नव्हती. पार पसरली होती. आता फक्त दुखणं कमी राहील एवढंच बघू, असं बाईंनी लेकीला सांगितलं, आणि लेकीनं रडून घेतल्यावर ते मामांना सांगितलं.

मामांनी गिऱ्हाइकांच्या गाद्या बाजूला सारल्या आणि नवा कापूस घेऊन मामींसाठी गादी भरायला घेतली. मामी खुर्चीत बसून टाके वाकडे येताहेत म्हणून कुरकुरत होत्या. शेजारच्या शिंप्यानं दारातून डोकावून विचारलं, मामी कशा आहेत? मग तो त्या नेहमीच्या दोन शब्दांची वाट बघत उभा राहिला. मामा दाभणात दोरा ओवत राहिले. शिंपी थोडा वेळ थांबला आणि निघून गेला.

गादी झाली. मामांनी डोळे मिटून तिच्यावरून अंगठा फिरवला. काही लागलं नाही. पुन्हा फिरवला. कडेनं फिरवला, कोपऱ्यांत दाबून पाहिलं, मग परत मधे आले.

"अहो, नाहीये तिच्यात काही," मामी म्हणाल्या. "सोडा आता. पडू द्या मला."

मामांनी हात उचलले. पण ते ठेवायचे कुठं, हे त्यांना कळेना.