रिकाम्या आभाळाला गोफण

ताडकळसला त्या दिवशी बाजार होता, म्हणून गाडीला ही गर्दी. आबांनी, माझ्या वडलांनी, आधी खिडकीतून माझी पिशवी सीटवर टाकली आणि मग मला दारातून आत रेटलं. माय खिडकीखाली उभी राहून एकच घोकत होती, "जिवाला जप माय, लय कुणात मिसळू नको." माझी मोठी बहीण, आक्का, मात्र लांब लिंबाखाली उभी होती. गाडी हलली तशी ती पळत आली आणि निळ्या चौकड्याच्या फडक्यात बांधलेल्या दशम्या खिडकीतून माझ्या हातात दिल्या. फडकं अजून गरम होतं.

आक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिला गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, पलीकडं दिलं होतं. दाजी आजारी पडून वारले, मग हिची तपासणी झाली आणि हिलाही एचआयव्ही निघाला. सासरच्यांनी तिचं सामान जीपमध्ये भरून आमच्या दारात आणून ठेवलं. वर चहा पिऊन गेले. आमच्या घरात त्या आजाराचं नाव कुणी घेत नसे, "तिचं ते दुखणं" एवढंच म्हणायचे. तिचं ताट आणि तांब्या कुणी काही न बोलता वेगळा झाला.

मी तेव्हा परभणीहून बी.एस्सी. करून पुण्याला सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला निघाले होते. हा विषाणू जेवणातून पसरत नाही, हे परीक्षेत लिहून पूर्ण मार्क घेतलेले. तरी ते गाठोडं मांडीवर घेऊन पिंगळीपर्यंत बसले आणि एक तुकडा तोंडात घालायची माझी हिंमत झाली नाही. पिंगळीला एक म्हातारी चढली, शेजारी बसली, सकाळपासून पोटात काही नाही म्हणाली. मी गाठोडं तिच्या हातात दिलं. तिनं दशमी मोडून खाल्ली आणि म्हणाली, "लय मऊ झाल्यात माय. कुणी केल्या?"

"शेजारणीनं," मी म्हणाले.

परभणीला उतरताना उरलेल्या दशम्या ती नातवाला म्हणून फडक्यासकट घेऊन गेली. मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण हायसंच वाटलं. पुढं कितीतरी वर्षांनी डोक्यात आलं की मला खरंच भीती असती तर मी त्या म्हातारीला कशाला दिल्या असत्या? ती भीती नव्हती, किळस होती. सख्ख्या बहिणीची.

पुण्यात शिकले आणि एका प्रयोगशाळेत लागले. काम काय, तर एचआयव्ही असलेल्या लोकांच्या रक्तातल्या टी पेशी वेगळ्या काढायच्या, त्यांना रंग लावायचे आणि मशीनमधून बघायच्या. टी पेशी म्हणजे अंगातले राखणदार. ज्या पेशी सावध होऊन उभ्या आहेत त्यांच्या अंगावर खुणा उमटतात आणि त्या खुणांना रंग चिकटतो. नळीवर नाव नसतं, नुसता नंबर. पहिली काही वर्षं मी नंबर वाचले, आकडे भरले, डबा खाल्ला, घरी गेले. मनाला काही लावून घेतलं नाही.

मग एकदा प्रयोगशाळेतल्या सरांनी एक गोष्ट समजावून सांगितली. गोळ्या नेमानं घेतल्या की रक्तात विषाणू सापडेनासा होतो, माणूस बरा राहतो, कामाला जातो. पण पेशी पूर्ण शांत होत नाहीत. विषाणूनं सुरुवातीलाच आतड्याच्या अस्तराचं नुकसान केलेलं असतं, तिथून जंतूंचे बारीकसारीक अंश रक्तात झिरपत राहतात आणि पेशींना वाटतं, आला शत्रू. त्या उठतात, उभ्या राहतात, परत उठतात. असं वर्षानुवर्षं चाललं की थकतात, आणि खरं काम पडलं की त्यांच्याच्यानं होत नाही. गोळ्या बंद झाल्या तर मग विचारायलाच नको.

मला एकदम आमचं शेत आठवलं. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं राखायला आम्ही दोघी मचाणावर. मी पडून राहायची. आक्का मात्र दिवसभर गोफण फिरवायची, पाखरू असो नसो. "आगं आभाळात काय बी न्हाई," मी म्हणायची, तर म्हणे, "आलं तर?" दिवस कलला की राघूंचा खरा थवा उतरायचा आणि तोवर तिचा हात खांद्याच्या वर जायचा नाही. दगड मचाणापाशीच पडायचा. त्या दिवशी मशीनपुढं बसून मी पहिल्यांदा त्या नंबरांकडं माणसं म्हणून बघितलं.

गाव सोडलेल्यांनो, तुम्हाला ठाऊक आहे आपण काय करतो. फोनवर विचारतो, "बरी आहेस ना?" पलीकडून येतं, "बरी हाय." झालं. आक्काचंही तसंच. दर महिन्याला बँकेचं काम म्हणून परभणीला जायची आणि सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणायची. बाटली खुळखुळते म्हणून गोळ्या काढून मिसरीच्या डब्यात ठेवायची. मिसरी म्हणजे बायका दाताला लावतात ती तंबाखूची पूड. तिच्या खऱ्या मिसरीचा डबा वेगळा होता. घरात आम्हाला ठाऊक होतं कोणता कशाचा. मला वाटायचं, किती हुशार आहे आपली आक्का.

गेल्या वर्षी माझं लग्न ठरू लागलं. मुलाकडचे गावाकडं बघायला येणार, म्हणून मायनं आक्काला पालमला मावशीकडं पाठवलं. पंधरा दिवस म्हणून गेली ती महिनाभर राहिली, कारण बैठक पुढं पुढं ढकलली गेली. मी सुट्टी काढून आले, साडी नेसून पोहे दिले. आक्का कुठं आहे, असं त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

ती परत आली आणि तापली. ताप उतरेना, तोंडात फोड, जेवण जाईना. मी पुण्याहून निघाले ती थेट परभणीच्या दवाखान्यात. रिपोर्ट आला होता. इतकी वर्षं न सापडलेला विषाणू आता भरमसाट सापडत होता. त्याच गोळ्या परत सुरू करू, लागू पडल्या नाहीत तर बदलाव्या लागतील, डॉक्टर म्हणाले.

"गोळ्या का सोडल्या?" मी खाटेपाशी बसून विचारलं. आवाज चढला होता माझा.

"नेल्याच न्हाईत," आक्का म्हणाली. "मावशीकडं जेवण झालं की साऱ्या बाया मिसरी लावत बसतात. मिसरीचा डबा दिसला की कुणी बी हात घालतं. न्हाई म्हणता येतं का? दुसऱ्या कशात नेल्या असत्या, तर काय हाय म्हणून विचारलं असतं. तुझं जमायलाय, तवर कशाला."

मी म्हणाले, "माझ्यासाठी जीव द्यायला निघालीस. आणि मी तुझ्या दशम्या खाल्ल्या नव्हत्या, आक्का. पुण्याला पहिल्यांदा गेले त्या दिवशी. दुसऱ्या बाईला देऊन टाकल्या."

ती सलाईनच्या नळीकडं बघत राहिली. "ठाव हाय," म्हणाली. "फडकं परत आलं न्हाई, तवाच कळलं."

आमच्याकडं कुणाच्या घरून डबा आला की रिकामा परत जात नाही आणि फडकं आलं तर धुऊन, घडी घालून परत जातं. इतकी वर्षं ती बोलली नव्हती. तिनं फक्त परत कधी मला वाटेची शिदोरी दिली नव्हती, मायच बांधून द्यायची, आणि ते मला सोयीचं वाटलं होतं.

मी तिला विचारूनच मुलाला फोन करून तिच्या आजाराचं सांगितलं. "सांग," ती म्हणाली, "लपवून लपवून मी बी थकले." त्यानं ऐकून घेतलं. चार दिवसांनी त्यांच्याकडून निरोप आला की पत्रिका जुळत नाही. माय रडली. मला वाईट वाटलं, नाही असं नाही, पण त्या रात्री किती दिवसांनी मला गाढ झोप लागली.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि नशिबानं त्याच लागू पडल्या. काही महिन्यांनी रिपोर्टवर विषाणू सापडेनासा झाला. आतल्या पेशी अजून अधूनमधून उगाच उठत असतील, ते मला ठाऊक आहे. त्यावर माझ्याकडं औषध नाही. पुण्याला चल म्हणाले तर आली नाही. "तिथं काय करू? लिफ्टमधी बसून खाली-वर करू का?" असं म्हणून हसली. गोळ्यांची बाटली आता भिंतीतल्या देवळीत, चहाच्या डब्याशेजारी असते. कुणी विचारलं तर ती सांगते. दोन बायांनी येणं सोडलं. बाकीच्या येतात.

मागच्या खेपेला निघताना मीच म्हणाले, "आक्का, दशम्या कर." तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि पीठ चाळायला घेतलं. स्टँडवर गाडी लागायच्या आत मी हिरव्या काठाच्या फडक्याचं गाठोडं सोडलं आणि तिच्यासमोर उभ्यानं एक दशमी खाल्ली. मीठ जास्त पडलं होतं. "खारट झाल्यात," मी म्हणाले. "मग नको खाऊ," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसायला लागली.

घर कुठं आहे तुझं, असं पुण्यात लोक विचारतात तेव्हा मी आमच्या सोसायटीचं नाव सांगते. पण ते हिरव्या काठाचं फडकं धुऊन, घडी घालून माझ्या कपाटात ठेवलंय. पुढच्या महिन्यात आक्काला परत द्यायचंय.