आपांनी मागितलेली चांदणी

गारखेड्यातलं आमच्या शेजारच्या आपांचं घर विकलं गेलं तेव्हा मी त्यांच्यावर चिडले होते. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला, त्याने तिथे फ्लॅट घेतला आणि आईला आता एकटी ठेवणार नाही म्हणाला. यात आपांचा काय दोष? पण इतकी वर्षं एका भिंतीच्या दोन बाजूंना राहिल्यावर बाईने निदान थोडं रडावं तरी! त्या आपल्या भांडी बांधत होत्या, कपाटं रिकामी करत होत्या आणि चक्क मजेत होत्या. जीव खालीवर होत होता तो माझाच.

एक दिवस मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. त्या पलीकडच्या गच्चीवरून म्हणाल्या, "ताई, जाने के पहले मेरेकू एक चांदनी सी देते क्या? तुम्हारे हाथ की."

मला एकदम भरून आलं. म्हणजे बाईला माझी आठवण न्यायची होती तर! आमच्याकडे गोधडीच्या मधोमध आठ टोकांची चांदणी लावतात. माझ्या आईने केलेली तशी गोधडी आपांनी कितीदा तरी पाहिलेली. मला स्वतःला सरळ टाक्यांपलीकडे काही येत नाही, पण नाही कसं म्हणणार?

"कशी पाहिजे?" मी विचारलं.

"सफेद. और बडी रखना हं. छोटी किस काम की?"

पांढरी ठीक, पण मोठी म्हणजे किती? आणि पांढऱ्यावर पांढरी चांदणी दिसणार कशी? मी बराच विचार केला. शेवटी चांदणीला पांढरं पॉपलीन घेतलं आणि भोवतीच्या आकाशासाठी माझी एक निळी सुती साडी फाडली.

रद्दीच्या कागदावर शंकरपाळ्याचा आकार काढून मी आठ तुकडे कापले. फरशीवर टोकाला टोक लावून मांडले, तर सातांतच गोल भरला. आठवा तुकडा हातात. पुन्हा मांडले, उलटे मांडले, तरी आठवा बाहेरच. शंकरपाळी करताना हा त्रास कधी झाला नव्हता.

"सात टोकांची चालंल का हो?" मी ह्यांना विचारलं.

"आभाळात कोण मोजायलंय?" हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

मग मोबाइलवर एका बाईचं बघून कळलं की चौकोनी कागदाचा कोपरा बरोबर अर्ध्यात दुमडायचा आणि तेवढंच टोक ठेवायचं. तसं केलं आणि आठही बसले. मला इतका आनंद झाला की मी लगेच मशीनवर बसले. शिवून काढलं, तर मधोमध हा एवढा फुगवटा! फरशीवर सपाट बसणारी चांदणी शिवल्यावर फुगते कशी, हे मला आजही कळलेलं नाही. मोबाइलवरची बाई म्हणत होती, तिरकं कापलेलं कापड ताणतं. मग तिचं का नाही ताणलं? मी उसवलं, पुन्हा शिवलं, फुगवटा वाढला. ह्यांनी ती उचलून डोक्यावर ठेवली. "टोपी भारी शिवायलीस, पण कुणाला?"

मी ओरडलेच त्यांच्यावर. चेष्टा मलाही कळते, पण मला भीती वाटत होती. ही चांदणी जमली नाही, तर आपांकडे माझं म्हणून काहीच राहणार नव्हतं. शेवटी मधलं सगळं उसवलं, पाणी मारून दाबून इस्त्री केली आणि हाताने बारीक टाके घालत जास्तीचं कापड आत जिरवलं. कोपऱ्यांत निळे चौकोन बसवले. लांबून बघितली तर बरी दिसत होती.

दारात टेम्पो उभा होता तेव्हा मी ती नेऊन दिली. आपांनी दोन्ही हातांनी उलगडली, मागून पाहिली, पुढून पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"माशाल्लाह, बहोत खूबसूरत. ये क्या है?"

"चांदणी."

"कहाँ?"

मी चांदणीवर बोट ठेवलं.

"ये तो तारा है, ताई."

"मग? तारा म्हणजेच चांदणी ना!"

"अगे, चांदनी बोले तो नीचे बिछाते वो. सफेद चादर. मेहमान आये तो बिठाते ना उसपे."

मला कळायला वेळच लागला. सफेद. मोठी. एक साधी पांढरी चादर, चार बाजू दुमडून शिवायची. मी काय ऐकलं होतं आणि इतक्या वर्षांत आणखी काय काय असंच ऐकलं असेल, काही सुधरेना.

"चादर तर कुठंही मिळते," मी म्हणाले. "माझ्याकडून कशाला? मला वाटलं, तुम्हाला आठवण पाहिजे."

"याद कायकू? मैं मरने जारी क्या?" आपा खरोखरच चिडल्या. "बेटे के घर में सब सोफेच सोफे. तुम्हारी कंबर दुखती सोफे पे. तुम आये तो किसपे बिठाऊँ?"

मी तिथेच, टेम्पोवाल्यासमोर, रडायला लागले. इतके दिवस मी त्यांना निरोप देत बसले होते आणि त्या माझ्या बसण्याची सोय बघत होत्या. त्यांच्या डोक्यात मी येणारच होते, मग रडायचं कशाला?

तारा त्यांनी परत दिला नाही. पर्समध्ये मावेना म्हणून काखेत धरला आणि टेम्पोत चढल्या.

"चांदनी अब तुम खुद लेके आना," वरून म्हणाल्या.

या वेळी मला घोळ नको होता. मी डोळे पुसून नीट विचारलं, "किती मोठी?"

"दो जनियाँ आराम से लेट सके, इत्ती."