टॅपेट वाजतंय का

आमच्या मालकांचं, म्हणजे ह्यांचं, गॅरेज कुंडलच्या रस्त्याला, घरापासून हाकेच्या अंतरावर. वडापच्या, म्हणजे सीटवर प्रवासी भरून नेणाऱ्या, जुन्या जीपगाड्या त्यांच्याकडे लांबून यायच्या, त्या टॅपेटसाठी. इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण काढलं की रॉकरांची रांग दिसते. रॉकर दाबला की व्हॉल्व्ह उघडतो. त्या दोघांच्या मध्ये पातळ पत्ती सरकेल एवढीच फट लागते; ती जुळवणं म्हणजे टॅपेटचं काम. फट जास्त झाली की इंजिन टकटक वाजतं. कमी झाली की आवाज येत नाही, पण व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि जळतो.

जुन्या रॉकरला झिजून खळगा पडलेला असतो. पत्ती त्या खळग्यावरून वरच्यावर सरकते आणि माप खोटं दाखवते. म्हणून शेवटचं माप ते कानाने घ्यायचे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. कितव्या नंबरचा व्हॉल्व्ह वाजतोय हेसुद्धा सांगायचे.

त्यांना कमी ऐकू येतंय हे मला घरात कळलं. कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या तरी विचारायचे, "अजून भात लावला न्हाई व्हय?" कानाचं मशीन घेतलं. पण त्यात इंजिनाचा सगळाच गोंगाट भरायचा, टॅपेट वेगळं कळायचं नाही. मशीन डबीत गेलं. हे गिऱ्हाइकांना कळलं तर हातचं काम जाईल, एवढीच त्यांना भीती.

मी दुपारी डबा घेऊन जायचे. पुरुषांच्यात मी कधी तोंड उघडलेलं नाही. एक दिवस स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून त्यांनी डोळे मिटायच्या ऐवजी माझ्याकडे बघितलं. मला टकटक ऐकू येत होती. मी पदर डोक्यावर घेतला. त्यांनी इंजिन बंद केलं, नट सैल करून स्क्रू जरा आवळला आणि पुन्हा चालू केलं. आवाज गेला तसा मी पदर खाली घेतला. घरी आल्यावर यावर आम्ही एक शब्द बोललो नाही. पण तेव्हापासून टॅपेटची गाडी डब्याच्या वेळेलाच उभी राहायला लागली.

"वहिनी डबा संपल्याबिगर हलत न्हाईत," एक जुना ड्रायव्हर म्हणायचा. "मिस्त्री कुत्र्याला घालतील म्हणून राखण करत्यात."

सगळे हसले की तेही हसायचे.

मग माझी आई आजारी पडली आणि मी माहेरी म्हसवडला गेले. तेवढ्यात त्याच ड्रायव्हरची जीप आली. त्याला दुसऱ्या दिवशी पाहुणे घेऊन पाचगणीला जायचं होतं, थांबायला सवड नव्हती. गाडी वाजून बोभाटा नको म्हणून मालकांनी अंदाजाने टॅपेट जरा जास्तच आवळलं. जीप घाटात ओढेना. पाहुणे दुसऱ्या गाडीने गेले.

मी परत आले तेव्हा जीप लिंबाखाली उभी होती. जळून कड तुटलेला व्हॉल्व्ह फडक्यावर ठेवला होता. ड्रायव्हर रागावलाही नव्हता.

"मिस्त्री, कानात बोळं घातलं हुतं काय ह्या खेपेला?" तो म्हणाला. "गाडी लय गप हुती. तवाच वळकाय पायजे हुतं मला."

ते पाठमोरे होते. मान हलवून म्हणाले, "व्हय व्हय, च्या सांगितलाय."

ड्रायव्हर हसला. मग थांबला. हळूच म्हणाला, "मिस्त्री." पुन्हा म्हणाला, "आवं मिस्त्री." मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

त्याने हे कुणाला सांगितलं असेल असं मला वाटत नाही. पण मालक वळले आणि त्यांनी आमची दोघांची तोंडं बघितली. नवा व्हॉल्व्ह, नवे रॉकर त्यांनीच पत्तीने माप घेऊन बसवले. चावी देताना म्हणाले, "टॅपेट आता दुसरीकडं बघून घ्या." तो न्हाई न्हाई म्हणत राहिला. ते हात पुसत होते.

आता ते ब्रेक, ऑइल, पंक्चर बघतात. स्क्रू ड्रायव्हर शेडमध्ये खिळ्याला आहे. मी डबा ठेवून लगेच परत येते.

काल आम्ही दारात शेंगा फोडत बसलो होतो. रस्त्याने एक वडाप टकटकत गेलं. माझा हात आपसूक पदराला गेला. त्यांनी तो बघितला.

"कितवा गं?" त्यांनी विचारलं.

मला ते कधीच कळलं नाही. आवाज येतो एवढंच मला कळतं. गाडी वळणाआड गेली, तरी ते माझ्या तोंडाकडे बघत होते.