चालु म्हणजे पुरे

काल दुपारी रेड्डी सर म्हणाले, "चालु."
मी पेशंटची छाती दाबतच राहिले.

तेलुगूत चालु म्हणजे पुरे. आपल्या मराठीत चालू म्हणजे सुरू.
मला दोन्ही भाषा येतात, अख्खा जन्म आदिलाबादात गेलाय. पण काल मला ते मराठीतच ऐकायचं होतं.
कारण समोर वाघमारे मॅडम होत्या.

आमच्या हॉस्पिटलच्या रिटायर्ड हेड नर्स. डॉक्टर, नर्स, लॅबवाले, ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर, आया, सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवून टीमनं काम कसं करायचं ते शिकवायच्या. पेशंट म्हणून रबरी बाहुली.

तिथंच एकदा घोळ झाला. रेड्डी सर तेव्हा नवे डॉक्टर. सलाईन पुरे, म्हणून म्हणाले "चालु". मराठी सिस्टरनं सलाईन आणखी जोरात सोडलं!
हॉल हसून लोटपोट.

मॅडम हसल्या नाहीत.
"हासा. बाहुली हाये म्हून हासून राह्यले. उद्या मानूस राह्यला तं?"

त्या दिवसापासून तो शब्द हद्दपार. थांबवायचं तर 'बंद' म्हणायचं, आणि ऐकणाऱ्यानं ते मोठ्यानं परत म्हणायचं. मग तो कुणीही असो, आयासुद्धा.

सर फुगले होते. "अब आयम्मा भी मेरेकु बोलेगी क्या?"
"बोलू द्या ना सर. चुकलं तं नाव तुमचंच निंगते!"

पुढं तेच त्यांचे सगळ्यात लाडके झाले. भाकरी खायला मावला गावी त्यांच्या घरी चकरा मारायचे.

काल मॅडमना आणलं ते हार्ट अटॅकनं.
ऑक्सिजन, इंजेक्शन, शॉक. प्रत्येक गोष्ट मोठ्यानं सांगितली, परत म्हटली. कुणी कुणावर ओरडलं नाही.
शेवटी सरांच्या तोंडून तो जुना शब्द निघाला. ते रडत होते. रडताना आईचीच भाषा येते.
लक्ष्मीआयानं माझे हात धरले. "बंद, ताई. बंद."

मग सरांनी डोळे पुसले आणि प्रत्येक केसनंतर मॅडम विचारायला लावायच्या, ते विचारलं.
"किसी से कुछ छूटा क्या?"
सगळ्यांनी आठवून पाहिलं. मला तर वाटत होतं, काहीतरी चुकलेलं सापडावं. कुणावर तरी रागावता आलं असतं.

लक्ष्मी म्हणाली, "नाही सर. कोनाचंच काई नाही चुकलं."

तुम्ही शिकवलं तसंच केलं हो सगळं, मॅडम. तरी तुम्ही गेलात.

जय भीम. सुखानं जा.