रेडिओचा पायगुण

समजा, तुम्हाला घरच्या थिएटरसाठी रिसीव्हर निवडायचा आहे. दुकानात तीन काळ्या पेट्या ओळीनं मांडल्या आहेत. तुम्ही वॅट विचारता, पाच स्पीकर जोडता येतील की सात ते विचारता. दुकानदार लढाईचं एखादं दृश्य लावतो, तुमच्या कानामागून गोळ्या सुटतात, तुम्ही मान डोलावता. काम सोपं आहे.

आता ते थोडं अवघड करू. साल १९५६. गाव उज्जैन, वस्ती माधवनगर. पेटी व्हॉल्व्हची, स्पीकर एकच आणि तोही तिच्या पोटात. पेटी बैठकीत ठेवली जाणार आणि तुम्ही असणार स्वैपाकघरात. मध्ये एक खोली आणि विटांच्या दोन जाड भिंती. निवड करणार तुमचे सासरे आणि तुमचा नवरा. तुम्हाला काय हवं ते कोणी विचारलेलं नाही, आणि न विचारता सांगायची घरात पद्धत नाही. कशी निवडाल?

जयूकाकूंनी निवडली. हे मला कळलं ते गेल्या दिवाळीत. त्यांच्या मुलानं, अनिलनं, नानाखेड्याच्या नव्या फ्लॅटमध्ये होम थिएटर लावायचं ठरवलं आणि वायरी ओळखणारा नातेवाईक म्हणून मला दुकानात नेलं. काकूही हट्टानं आल्या. मी रिसीव्हरची मागची बाजू दाखवत होतो, तेव्हा त्यांनी वाकून विचारलं, "यातली स्वैपाकघराची भोकं कोणती?"

दुसऱ्या खोलीत आवाज न्यायची सोय एका पेटीला खरंच होती. मी ती दाखवली. "मग हाच घ्या," असं म्हणून काकू स्टुलावर जाऊन बसल्या. वॅटचा विषय तिथंच संपला. घरी आल्यावर त्यांनी पुढची हकीकत सांगितली.

काकू लष्करहून, म्हणजे ग्वाल्हेरहून, लग्न होऊन उज्जैनला आल्या १९४८ साली. त्याच उन्हाळ्यात ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झालं. त्यांचे सासरे तात्या संस्थानच्या महसूल खात्यात होते आणि त्यांच्या आधी त्यांचे वडील. दरबाराचा शिक्का बदलला, पगडी पेटीत गेली, आणि तात्यांना हाताशी एक आरोपी हवा होता. तो नुकताच उंबऱ्यावरचं माप ओलांडून घरात आला होता. आल्यागेल्याला ते गंभीर चेहऱ्यानं सांगत, की सून आली आणि संस्थान गेलं, पायगुण म्हणतात तो असा. काकू पहिली दोन वर्षं गप्प राहिल्या. तिसऱ्या वर्षी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "संस्थान मी नाही नेलं, तात्या. माझ्या ट्रंकेत जागाच नव्हती." तात्या मिशीत हसले, पण आरोप मागे घेतला नाही. सुनेला ते दरबारी सवयीनं अहोजाहो करत. थट्टा करतानाही करत, त्यामुळे ती थट्टा आहे हे परक्याला कळत नसे.

लष्करला काकू गाणं शिकत होत्या. लग्नानंतर तंबोरा माहेरी राहिला आणि कान तेवढा सासरी आला. शेजारच्या घरात रेडिओ होता. १९५५ साली इंदूर केंद्र सुरू झालं होतं आणि संध्याकाळी त्यावर चांगलं गाणं लागे, पण ती वेळ नेमकी कणीक मळायची. काकू पातेलं घेऊन मागच्या दारात जायच्या, थोडा आलाप मिळायचा, तोवर आतून कोणीतरी हाक मारायचं. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि एकही राग त्यांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकला नव्हता. घरात रेडिओ येणार म्हटल्यावर त्यांना एवढंच हवं होतं. एक गाणं, अख्खं.

त्या काळी दुकानदार रेडिओ पसंतीसाठी घरी आणून देत. आठ दिवस वाजवा, आवडला तर ठेवा. फ्रीगंजच्या गोपाळजींनी पहिली पेटी आणली ती टांग्यातून, रजईत गुंडाळून. अक्रोडी पॉलिश, पितळी बटणं, उचलायला दोन माणसं. तात्यांनी तिच्यावर हात फिरवला, बोटानं लाकूड वाजवलं आणि ही पसंत म्हणाले. अजून ती सुरू व्हायची होती.

गोपाळजी छतावर एरियलची जाळी बांधून खाली आले, तेव्हा काकूंनी त्यांना स्वैपाकघराच्या दारात पाणी दिलं आणि हळूच विचारलं, की आवाज आतपर्यंत पोचेल का.

"भाभीजी, इसमें स्पीकर एक ही है," ते म्हणाले. "दुकान में एक मॉडेल है, उसके पीछे दो छेद हैं. तार डालो, दूसरा स्पीकर जहाँ मर्जी टाँग लो. पर शकल सादी है उसकी, कोई लेता नहीं."

काकूंनी ते ऐकून घेतलं आणि भांडं परत घेतलं.

त्या संध्याकाळी वांग्याची भाजी लागली. ती मात्र खरोखरच लागली, त्यात काही कावा नव्हता. बैठकीत गाणं सुरू झालं, काकू मधल्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि चूल चुलीच्या ठिकाणी राहिली. ताटावर बसल्यावर तात्यांनी पहिला घास घेतला, पेटीकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं.

"पेटी आली आणि भाजी लागली," ते म्हणाले. "हिचा पायगुण काही बरा दिसत नाही."

टोमणा काकूंना होता. पण काकू सांगतात, तो ऐकला आणि त्यांच्या डोक्यात दिवा लागला. आठ वर्षं जे आपल्या अंगावर फेकलं, ते उचलून पेटीवर का टाकू नये?

दुसऱ्या दिवशी दूध फाटलं. तिसऱ्या दिवशी बाफले, म्हणजे माळव्यातले कणकेचे भाजलेले गोळे, आतून कच्चे निघाले. काकू दर वेळी तोंडावर हात ठेवून हळहळायच्या, की कालपर्यंत सगळं ठीक होतं, आता काय झालंय कळत नाही. आठवडा संपायच्या आत अक्रोडी पेटी रजईत गुंडाळून टांग्यात बसली.

दुसरी पेटी काकांच्या, म्हणजे शरच्चंद्र मास्तरांच्या आवडीची आली. मास्तर भूगोल शिकवायचे. त्यांनी रेडिओ निवडला तो काचेच्या पट्टीवर जास्तीत जास्त गावांची नावं आहेत म्हणून. लंडन, मॉस्को, पेकिंग, अंकारा. काटा अंकारावर नेऊन ते तिथली खरखर डोळे मिटून ऐकत, जणू हवामान समजून घेत आहेत. शेजाऱ्यांना बोलावून पट्टी दाखवत. स्वैपाकघरात त्यातलं काहीच पोचत नव्हतं, फक्त मास्तरांचा आवाज पोचत होता.

या पेटीच्या वेळी काकूंनी मिठावर भर दिला. आमटी अशी केली की मास्तर दोन घासांत तांब्या रिकामा करून पुन्हा पाणी मागू लागले. तात्या मात्र सावकाश जेवत होते. वाटी संपवून त्यांनी पुढे केली.

"आमटी वाढा."

काकूंचा हात थबकला. म्हाताऱ्याची जीभ गेली असावी, असं त्यांना वाटलं, आणि थोडी दयाही आली. त्यांनी वाढली. तात्यांनी तीही संपवली, मिशा पुसल्या आणि पेटीला उद्देशून म्हणाले, की हिचाही पायगुण तसलाच, पण कराराप्रमाणे आठ दिवस पुरे होऊ द्यावे. त्यामुळे काकूंना आणखी चार दिवस स्वतःच्या हातचं वाईट जेवावं लागलं.

मास्तरांनी पेटी जाताना खूप विरोध केला. नव्या पेटीवर अंकारा असेल की नाही, याची त्यांना काळजी होती.

"अंकाराला आपलं कोण राहतं?" तात्यांनी विचारलं, आणि विषय मिटला.

गोपाळजींनी डोकं खाजवत सांगितलं, की आता दुकानात एकच उरला आहे, सादा आहे, पसंत पडेल असं वाटत नाही. तो आला. दिसायला धान्याच्या डब्यासारखा, पट्टीवर गावं मोजकी. काकूंनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या सरळ चुलीशी गेल्या आणि बाफले असे केले की बोटानं फुटावेत, वर तूप, बरोबर भरल्या मिरच्या. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. तिसऱ्या दिवशी अळूची भाजी. मास्तर चौथ्या दिवशी अंकारा विसरले.

तात्यांनी आठ दिवसांची वाट पाहिली नाही. गोपाळजींना बोलावून सांगितलं, की या पेटीचा पायगुण उत्तम आहे, ही ठेवू. काकू दाराआड उभ्या होत्या. अर्धं काम झालं होतं, पण दुसऱ्या स्पीकरची गोष्ट अजून कोणी काढली नव्हती आणि ती कशी काढावी हे त्यांना सुचत नव्हतं. पेटी सादी होती, म्हणून दिवाळीत पाहुण्यांना दाखवण्यासारखं काहीतरी लागेल, असं काहीसं त्या मनात जुळवत होत्या. तेवढ्यात तात्या पुढे बोलले.

"और सुनो, वो दूसरा स्पीकर भी लाना. अंदर लगेगा, चूल्हे के बाएँ हाथ को." मग मराठीत, भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "म्हणजे कोणाला भाजी सोडून दारात उभं राहावं लागणार नाही."

काकूंनी कपाळावरचा पदर पुढे ओढला. लाजून नव्हे. हसू दिसू नये म्हणून.

ज्या संध्याकाळी स्पीकर खिळ्यावर टांगला, त्या संध्याकाळी इंदूरहून पूरिया लागला होता. काकू पोळी लाटत होत्या. आलाप सुरू झाला, वाढत गेला, कोणीही हाक मारली नाही, आणि शेवटची तान संपून निवेदिका बोलू लागली तेव्हा तव्यावरची पोळी पूर्ण काळी झाली होती. ती कशी कोण जाणे तात्यांच्याच ताटात गेली. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, आमटीत बुडवली आणि म्हणाले, आज पायगुणाचा विषय नको.

तो विषय नोव्हेंबरच्या एक तारखेला पुन्हा निघाला. सकाळच्या बातम्यांत सांगितलं, की मध्य भारत राज्य आता राहिलं नाही, सगळं नव्या मध्य प्रदेशात गेलं, राजधानी भोपाळ. बातमी बैठकीत आणि चुलीपाशी एकदमच आली. मास्तर बदलीचा विचार करत नकाशा काढून बसले. काकू हात पुसत मधल्या दारात आल्या.

"तात्या, संस्थान गेलं तेव्हा मी नवी होते. आता मध्य भारतही गेला. या वेळी घरात नवीन कोण आहे?"

तात्यांनी पेटीकडे बोट दाखवलं. "ही," ते म्हणाले. "तुमचं नाव त्या प्रकरणातून वगळलं आहे."

"अर्ज न करता?"

"अर्ज तोंडी आला होता. चवीवरून ओळखला."

एवढं बोलून त्यांनी पेपर वर केला. काकूंनी पुढे अनेकदा खोदून विचारलं, पण निवृत्त महसूल कारकुनाच्या तोंडून ज्यादा शब्द निघत नसतो. तात्या गेले, मास्तर गेले, ती सादी पेटी भंगारात गेली. स्पीकरचा खिळा माधवनगरच्या त्या घरात अजून असेल.

आता अनिलच्या फ्लॅटमध्ये पाच स्पीकर बैठकीत आहेत आणि सहावा ओट्याच्या डाव्या हाताला. तो मी टांगत होतो, तेव्हा काकू खाली उभ्या राहून थोडं वर, थोडं डावीकडे, असं सांगत होत्या. भाजी लागली त्याच दिवशी तात्यांनी आपल्याला दारात पाहिलं असणार आणि गोपाळजींशी झालेलं बोलणंही ऐकलं असणार, हे त्यांना केव्हाच पटलं आहे. म्हणजे ते पहिल्यापासून सगळं जाणून होते. त्यावर त्यांचं काही म्हणणं नाही. स्क्रू बसला, वायर जोडली, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "तू शिकलेला आहेस, तू सांग. सगळं ठाऊक होतं, तर त्या खारट आमटीची दुसरी वाटी त्यांनी का मागितली असेल?"