मलेरियाभाऊंचा दुसरा प्रश्न

तुमचं बोट चिमटीत धरलं की आमचे मलेरियाभाऊ दोन प्रश्न विचारायचे. "ताप हाय काय?" आणि लगेच, "झोप लागते काय?"

पहिला प्रश्न सरकारचा, दुसरा त्यांचा स्वतःचा. मी मास्तर होतो त्या पोंभुर्ण्याकडच्या गावात ते दर पंधरवड्याला सायकलवरून यायचे आणि घरोघर रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचे. आता तुम्हीच सांगा, घरात कोणी वेडं आहे का असं सरळ विचारलं तर कोण हो म्हणेल? झोपेबद्दल मात्र माणसं भडाभडा बोलत. ढिवर मोहल्ल्यातली एक म्हातारी तर इतकं बोलली की टोचलेल्या बोटावरचा थेंब वाळून गेला.

"लई चांगलं सांगतलं बाई," मलेरियाभाऊ म्हणाले. "आता दुसरं बोट द्या."

एकदा चावडीवर कोणीतरी एका बाईला पागल म्हणालं. मलेरियाभाऊ शांतपणे म्हणाले, "मी सोता नागपूरच्या पागलखान्यात तीन महिने होतो. गोळ्या खाल्ल्या, बरा झालो. आता तुमचं रक्त घेऊन राह्यलो."

पुढच्या खेपेला अर्ध्या गावानं बोट दिलं नाही. पठ्ठ्या त्याच्या पुढच्या खेपेला त्याच दारांत पुन्हा हजर, हसत.

माझ्या घरी मात्र त्यांचं काही चालत नव्हतं. "घरात किती जण, गुरुजी?" मी सांगायचो, चार. माझा दादा मागच्या खोलीत असायचा, बाहेरून कडी. रात्रंदिवस जागा, भिंतीशी बोलत. मी शाळामास्तर, मला लाज वाटायची.

"ताटं त पाच वाळून राह्यली."

"पाहुणा आलाय."

पुढच्या खेपेलाही पाहुणा होता. त्याच्या पुढच्याही. मग मलेरियाभाऊ ओट्यावर बसले. "मी बी बापाच्या घरी दोन वर्षं पाहुणाच होतो," ते म्हणाले. "अशीच कडी होती."

मला रडू आवरेना. कडी मीच जाऊन काढली.

दादाला न्यायच्या दिवशी नेमका बाजार. मी म्हणालो, गावाबाहेरच्या फाट्यावरून एसटी धरू.

"काऊन? चोरी केली काय त्यानं?"

भर बाजारातून आम्ही तिघं निघालो. सरपंचांनी अडवलं, "हे कोण, गुरुजी?" मी मलेरियाभाऊंकडे पाहिलं. ते मुद्दाम सायकलची चेन तपासायला खाली वाकले.

"माझा मोठा भाऊ," मी म्हणालो. "डोक्याचा आजार आहे. नागपूरला दवाखान्यात नेतोय."

"मंग लवकर निघा," सरपंच म्हणाले. "बाजाराच्या दिवशी गाडीत जागा नाई भेटत."

दादा चार महिन्यांनी परतला आणि गोळ्या घेत घेत शाळेची बाग सांभाळू लागला. पुढच्या वर्षी मलेरियाभाऊंची सिरोंच्याकडे बदली झाली. निरोपाला थांब्यावर ही गर्दी! दादानंच त्यांची सायकल एसटीच्या टपावर चढवली.

त्या गर्दीत, आपापल्या घरच्यांचा हात धरून, चार अनोळखी माणसं उभी होती. सहा वर्षं मी त्या गावात शिकवत होतो, घरोघर फिरून जनगणनाही मीच केली होती. त्या चौघांना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.